माथ्याच्या अलीकडचा पाऊस

“मॅडम, इथे लख्ख ऊन पडलंय आणि तुम्ही माझ्या सगळ्या माणसांना नदीबाहेर काढताय?”

शैलेश गुडघाभर पाण्यात उभा राहून विचारत होता. शैलेश एका मराठी चित्रपटाचा दिग्दर्शक. त्याच्या मागे नदीतल्या काळ्या कातळावर हिरव्या नऊवारीतल्या नाचणाऱ्या मुली उभ्या होत्या. त्यांच्या समोर कॅमेरा, कॅमेऱ्याखाली ट्रॉलीचे रूळ. सगळं नदीच्या पात्रात. आणि ऊन खरोखरच लख्ख होतं.

“हो,” मी म्हटलं. “आत्ता काढा. वाद नंतर घालू.”

मी हवामानशास्त्रज्ञ. सरकारी नोकरीत फोरकास्टर होते, म्हणजे हवामानाचा अंदाज देणं हेच काम. पुणं झालं, मुंबई झाली, निवृत्त झाल्यावर रत्नागिरीला माहेरी परत आले. इथे कोणाला माझी गरज लागेल असं वाटलं नव्हतं. पण आंबा बागायतदार फवारणी कधी करू म्हणून विचारायला लागले. पुलाचा कंत्राटदार स्लॅब कधी टाकू म्हणून यायला लागला. आणि त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला मयेकरचा फोन आला.

मयेकर शैलेशचा प्रॉडक्शन मॅनेजर. जागा शोधण्यापासून जेवणापर्यंत शूटिंगचं सगळं बघणारा माणूस. त्यानं विचारलं, “मॅडम, ह्या आठवड्यात रत्नागिरीत पाऊस आहे का?”

“रत्नागिरीत म्हणजे कुठे?”

“रत्नागिरीतच. देवरूखच्या पुढे, पार घाटाखाली. नदीत गाणं करायचंय.”

“ते रत्नागिरी नव्हे,” मी म्हटलं. “जिल्हा एक असला तरी पाऊस एक नसतो.”

तो हसला. मी गंभीर होते. पावसाळी वारा समुद्रावरून ओलावा भरून घेऊन येतो. किनाऱ्यावर त्याला अडवणारं काही नसतं. तो सडे, म्हणजे कातळाची पठारं, ओलांडतो, खाड्या ओलांडतो आणि सह्याद्रीपाशी येऊन थांबतो. समोर उभी भिंत. मग हवेला वर चढावं लागतं. वर गेली की हवा गार होते, गार झाली की तिच्यातला ओलावा तिला पेलवत नाही. तो पाऊस होऊन खाली येतो. म्हणून रत्नागिरीच्या बंदरावर माणसं ऊन खात उभी असतात, तेव्हा घाटात धो धो पडत असू शकतं. आणि घाटात पडलेलं पाणी डोक्यावर ऊन असलेल्या माणसाकडे न सांगता येतं. नदीत उतरणाऱ्याला आपल्या डोक्यावरच्या आभाळाचा काही उपयोग नाही. त्यानं नदी जिथून येते तिथलं आभाळ बघायचं.

हे सगळं मी मयेकरला फोनवरच सांगितलं. तो म्हणाला, “मग तुम्हीच या ना दोन दिवस. सेटवर बसा. तुम्ही हो म्हटलं तर आम्ही उतरतो.”

म्हणून मी तिथे होते.

नदीकाठी अण्णांचं घर होतं. अण्णा सत्तरीचे, तीन पिढ्या त्याच काठावर. मोबाइलची रेंज सबंध वाडीत फक्त त्यांच्या पडवीच्या एका टोकाला यायची. तिथे खुर्ची टाकून मी लॅपटॉप उघडून बसले होते. रडारचं चित्र दर थोड्या वेळानं बदलतं. आकाशात पाऊस कुठे आहे आणि किती दाट आहे, ते रडार रंगांत दाखवतं. त्या पहिल्या दिवशी दुपारी घाटमाथ्याच्या रेषेवर एक ठिपका उगवला. आधी पिवळा. मग लाल. मग तो रेषेवर लांबच लांब पसरला.

वारा सुसाट होता. अण्णांच्या माडांच्या झावळ्या सगळ्या पूर्वेकडे झुकल्या होत्या. वर डोंगराकडे बघितलं तर माथा ढगात गेलेला. घाटाखालच्या शेवटच्या गावात जाधव मास्तर राहतात. निवृत्त शिक्षक. मी नोकरीत असताना आमच्यासाठी पाऊस मोजायचे, अजूनही हौसेनं मोजतात. त्यांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नाही.

मग मी नदीत जाऊन सगळ्यांना बाहेर काढलं.

मुली पडवीत येऊन बसल्या. कॅमेरा वर आला. जनरेटरची गाडी मागे घेतली. सगळी माणसं नदीकडे तोंड करून बसली, एखाद्या पाहुण्याची वाट बघावी तशी. तासभर गेला. पाणी वीतभर वाढलं, थोडं गढूळ झालं. आणखी वेळ गेला. पाणी उतरलं. ऊनही उतरलं आणि शूटिंगचा उजेड गेला.

शैलेशनं माझ्याकडे न बघता पॅकअप सांगितलं. तेच मला जास्त लागलं. मयेकर माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “मॅडम, एक विचारू? आज काय झालं?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “उद्या सकाळपर्यंत सांगते.”

आमच्या कामात अंदाज चुकणं नवलाचं नाही. त्याची सवय नसेल तर माणसानं दुसरा धंदा बघावा. पण अंदाज चुकला हे एक, आणि का चुकला ते कळलं नाही हे दुसरं. पहिल्यावर झोप लागते. दुसऱ्यावर लागत नाही.

संध्याकाळी जाधव मास्तरांचा फोन लागला.

“अहो ताई, आमच्याकडे नुसती भुरभुर. पण वर डोंगरात आवाज होता. ढग असे पळत होते की बघत राहावं.”

“पळत कुठे?”

“वर. पलीकडे.”

पलीकडे म्हणजे घाटावर, कोल्हापूरच्या बाजूला. तिकडे एका छोट्या धरणावर माझ्या ओळखीचे इंजिनिअर आहेत. त्यांना फोन केला. ते वैतागलेले होते. दुपारपासून त्यांच्याकडे कोसळत होता, धरणात पाणी जोरात येत होतं आणि त्यांना दरवाज्यांपाशी जायचं होतं. “अंदाजात आमच्याकडे इतका नव्हता हो,” ते म्हणाले. मी त्यांचे आभार मानले. त्यांना ते जरा विचित्र वाटलं असावं.

आता कोडं सुटलं होतं. पाऊस पडला होता, जिथे म्हटलं होतं तिथेच पडला होता. फक्त माथ्याच्या पलीकडे.

सह्याद्रीचा माथा ही पाण्याची वाटणी करणारी रेषा आहे. अलीकडे पडलेला थेंब काही तासांत अरबी समुद्रात. पलीकडे, हाताच्या अंतरावर पडलेला थेंब कृष्णेत जातो आणि सगळा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. रडारवरचा लाल पट्टा त्या रेषेवरच होता. त्यातलं पाणी कुठल्या उतारावर उतरणार, हे ठरवणारा होता वारा. ढगात तयार झालेला थेंब सरळ खाली पडत नाही. पडता पडता वारा त्याला ढकलत नेतो. त्या दिवशी वाऱ्याला इतका जोर होता की हवा डोंगर चढली, माथा ओलांडला आणि तिनं आपलं ओझं पलीकडे टाकलं. आमच्या नदीच्या वाट्याला भुरभुर आली.

मग मी दुसऱ्या दिवसाचे नकाशे उघडले.

दुसऱ्या दिवशी वारा कमी होणार होता. ओलावा तेवढाच, किंबहुना थोडा जास्त. कमी जोराची हवा डोंगर चढू शकत नाही. ती उतारावर अडते, मागून येणारी तिच्यावर चढते, ढग तिथल्या तिथे उंच होत जातात. मग पाऊस माथ्याच्या अलीकडे. म्हणजे आमच्याकडे.

सकाळी लोकेशनवर गेले तर सगळे खुशीत. झावळ्या स्थिर. पाणी नितळ. कातळ वाळलेले. शैलेश मला बघून पहिल्यांदाच हसला. “आज वारा पण नाही मॅडम. आज देव आपल्या बाजूनं आहे.”

“आज कालच्यापेक्षा जास्त धोका आहे,” मी म्हटलं.

त्याचं हसू गेलं. अण्णा पडवीत पान लावत होते, त्यांनी मान वर केली. “काय बोलताव बाई? काल येवडा वारा होता तरी पानी आला न्हाय. आज तर वाराव पडलाय. माजा जन्म गेलाय ह्या नदीवर.”

अण्णांशी मी वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं चूक होतं असंही नाही. वारा आणि पाऊस एकत्र येताना त्यांनी आयुष्यभर बघितले होते. पण त्यांच्या पडवीतून डोंगराचा माथा दिसतो, पलीकडचं दिसत नाही. मलाही काल दिसलं नव्हतं.

मी शैलेशला आणि मयेकरला बाजूला घेतलं. काल काय झालं ते सांगितलं. शैलेशचा चेहरा बघून मी जरा सोपं करून सांगितलं. “भरलेली बादली घेऊन माणूस जिना चढतोय. काल तो धावत वर गेला, पाणी वरच्या मजल्यावर सांडलं. आज तो अर्ध्या जिन्यात दमणार आहे. आपण जिन्याखाली बसलोय.”

“कधी दमणार?” शैलेशनं विचारलं.

“दुपारनंतर. सकाळी तुम्ही काम करू शकता. पण माझ्या अटी आहेत. जनरेटर वर राहील. काठाच्या आंब्यापासून कातळापर्यंत एक दोर बांधायचा. आणि मी शिट्टी वाजवली की टेक चालू असला तरी बाहेर.”

“टेक चालू असला तरी?”

“चालू असला तरी.”

त्यानं मयेकरकडे बघितलं. मयेकरनं दोर मागवला.

सकाळचं काम छान झालं, हे मला मान्य केलं पाहिजे. मुली सुंदर नाचल्या. पाण्यात उन्हाचे तुकडे हलत होते. मी मात्र खुर्चीतून एकदाही नीट गाणं बघितलं नाही. रडार, डोंगर, फोन. रडार, डोंगर, फोन. जाधव मास्तरांना सांगून ठेवलं होतं की आज फोनपासून हलू नका, आणि रेंज असेल तिथेच बसा. ते शाळेच्या ओट्यावर जाऊन बसले होते.

जेवणानंतर हवा बदलली. अंगाला कपडे चिकटायला लागले. पान हलत नव्हतं. डोंगराकडे बघितलं तर काल फक्त माथा ढगात होता, आज अर्धा उतार दिसेनासा झाला होता. ढग वर नव्हता गेला, खाली उतरला होता. रडारवर ठिपका उगवला, आणि तो रेषेवर नव्हता. रेषेच्या अलीकडे होता. हलत नव्हता. एकाच जागी लाल होत चालला होता.

फोन वाजला.

“ताई, सुरू झालाय. पडतोय म्हणजे ओततोय. समोरचं पिंपळाचं झाड दिसत नाही मला.”

“पऱ्याला पाणी आलं?”

“आमच्या पऱ्याला? अहो, साकवाला लागलंय.”

पऱ्या म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. साकव म्हणजे त्यावरचा छोटा पूल. तो ओढा आमच्या नदीला मिळतो. मी शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली.

नदीत टेक चालू होता. गाण्याचा शेवटचा तुकडा. शैलेशनं हात वर करून मला थांबवलं. “मॅडम, एकच. हा एक झाला की पॅकअप.”

“नाही.”

“दोन मिनिटं!”

काठावर अण्णा उभे होते, कमरेवर हात ठेवून. डोक्यावर ऊन होतं. नदी खळखळ वाहत होती, काल होती त्याहून कमीच. सगळं युनिट माझ्याकडे बघत होतं. त्यांच्या नजरेत काय होतं ते मला वाचता येत होतं. काल पण हिनं असंच केलं होतं.

मयेकर पाण्यातून चालत माझ्याकडे आला. हळू आवाजात त्यानं विचारलं, “मॅडम, कालचं का चुकलं, ते नक्की कळलंय तुम्हाला?”

“नक्की.”

“आणि आजचं?”

“आज तिथे पडतोय. मास्तर बघतायत.”

“बास,” तो म्हणाला. वळला, आणि शैलेशच्या अंगावर जाईल इतक्या मोठ्यानं ओरडला, “पॅकअप! आधी मुली, मग कॅमेरा, मग सगळे! दोराला धरून!”

शैलेश संतापला. पण सेटवर मयेकर ओरडला की माणसं हलतात, दिग्दर्शकाकडे नंतर बघतात. मुली नऊवारी सावरत बाहेर आल्या. कॅमेरा खांद्यावरून आला. मी एकेकाला चढताना बघत होते.

मग कालच्यासारखीच वाट बघणं सुरू झालं.

ती वाट बघताना मला काय वाटत होतं, ते सांगते. पाणी यावं असं वाटत होतं. वर मास्तरांच्या गावात लोकांच्या भातखाचरांत पाणी घुसत असणार, कोणाचा बांध फुटत असणार, हे माहीत असूनही. आपलं म्हणणं खरं ठरावं एवढ्यासाठी पूर यावा असं वाटणं काही चांगलं नाही. पण फोरकास्टरला ते वाटतं. मी नोकरीतल्या लोकांशी कधी याबद्दल बोलले नाही. त्यांनाही वाटत असणार.

थोडा वेळ गेला. माणसं सैलावली. कोणी मोबाइल काढला, कोणी तंबाखू मळायला घेतली. प्रकाश नावाचा ट्रॉलीवाला होता. त्याचे रूळ घाईत पात्रातच राहिले होते. त्याला ते बघवेनात. कोणाला न सांगता तो उतरला.

मयेकरनं बघितलं तेव्हा तो मध्यावर पोचला होता. “प्रकाश! ए प्रकाश! मागे फीर!”

“आलोच! दोनच आहेत!”

त्याच वेळी मला वास आला. ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पाल्याचा, डोंगरातल्या जंगलाचा वास. मग नदीचा आवाज बदलला. खळखळ बंद झाली आणि खालून घरघर यायला लागली. वळणावरून पाणी आलं. लोक पुराची भिंत म्हणतात तशी काही नव्हती. तपकिरी फेस, पानं, काटक्या, एक वाशाचा तुकडा, आणि त्यांच्यामागे भराभर उंच होत जाणारं पाणी.

प्रकाशच्या हातात रूळ होता. क्षणभर तो तसाच उभा राहिला, रूळ टाकू की नको अशा विचारात.

“टाक!” मयेकर ओरडला. “दोर धर!”

त्यानं टाकला. दोन्ही हातांनी दोर धरला. पाणी त्याच्या मांडीला लागलं, मग कमरेला. त्याचे पाय निघाले. कातळाकडची गाठ निसटली आणि काठावरच्या माणसांनी दोर ओढायला घेतला. सगळ्यांत पुढे अण्णा होते, आंब्याच्या बुंध्याला पाय लावून. शैलेश त्यांच्या मागे. प्रकाश वर आला तेव्हा त्याच्या पायातली चप्पल गेली होती आणि गुडघा सोलवटला होता. बाकी काही नाही.

मुली जिथे नाचत होत्या तो कातळ तेव्हा दिसत नव्हता. त्या जागी पाणी फक्त थोडं फुगून वाहत होतं.

डोक्यावर अजून ऊन होतं. ते मला अजून आठवतं, त्या गढूळ पाण्यावर पडलेलं स्वच्छ पिवळं ऊन.

अण्णांच्या घरातून सगळ्यांना चहा आला. अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, “वारा पडल्यावर असा पानी मी कवा बगितला नव्हता.”

“बघितला असेल अण्णा. आठवत नसेल. तेव्हा नदीत उतरायचं काही कारण नसेल.”

“तां पन हाय,” ते म्हणाले.

शैलेशनं संध्याकाळी माझी माफी मागितली. मी म्हटलं, माफीचं काही नाही, तुमचा शेवटचा तुकडा राहिला. तो म्हणाला, राहू दे. तो तुकडा पुढे त्यांनी रत्नागिरीजवळच्या सड्यावर केला. तिथे पावसाळ्यात कातळावर इवलीइवली फुलं येतात. गाणं नदीत सुरू होतं आणि फुलांत संपतं. बघणाऱ्यांना वाटतं दिग्दर्शकानं तसं मुद्दाम ठरवलं असणार. शैलेश तसंच सांगतो.

जाधव मास्तरांच्या गावात साकवाचा कठडा गेला आणि काही खाचरांत दगडगोटे आले. माणसं सुखरूप. मास्तरांनी रात्री पावसाचा आकडा कळवला आणि म्हणाले, “ताई, मोजायचं भांडं मध्येच भरलं. रिकामं करून पुन्हा ठेवलं. ओट्यावरून भांड्यापर्यंत जाताना मीच भिजून गेलो.” त्या वयात त्यांनी ते करायला नको होतं. पण मी त्यांना रागावले नाही. तो आकडा मला हवा होता.

नंतर मला लोकांनी विचारलं, दुसऱ्या दिवशी तुम्ही इतक्या ठाम कशा राहिलात? ठामपणाचा त्यात काही भाग नाही. पहिल्या दिवशीचं कारण सापडलं नसतं तर दुसऱ्या दिवशी मीसुद्धा शिट्टी वाजवायला कचरले असते. दोन मिनिटं द्या म्हटल्यावर दिली असती. बरोबर आलेल्या अंदाजाचं कारण कोणी विचारत नाही, आपणही शोधत नाही. चुकलेल्याचं शोधायलाच लागतं, आणि ते पुढचा अंदाज द्यायच्या आत शोधायला लागतं. डोंगर तिथेच असतो. वारा रोज वेगळा येतो.

मयेकर आता दर पावसाळ्यात फोन करतो. परवा कुठल्याशा दुसऱ्या घाटाखालून केला होता. “मॅडम, नमस्कार. नदी पूर्वेकडून येते. माथा ढगात आहे, उतार मोकळा. वारा बरा आहे. वर एका दुकानदाराचा नंबर घेतलाय, पाऊस लागला की तो फोन करणार. आता तुम्ही बोला.”

मी म्हटलं, “तूच सांग.”

“आज नको उतरायला,” तो म्हणाला. “वारा संध्याकाळी पडेल असं वाटतंय.”

मी नकाशा बघितला. वारा दुपारीच पडणार होता, म्हणजे पाऊस त्यांच्या नदीवरच येणार होता.